कॉलरच्या आतलं अक्षर

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिने उगाच झुलवत ठेवलं. आमच्या जाऊबाईंनी एका परक्या मुलीच्या गेलेल्या बापाचं अक्षर तिच्या डगल्यावरून काढून टाकलं. मुद्दाम नाही, कामाच्या सवयीने. आणि त्यानंतर त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की त्या मुलीच्या तोंडावर सांगावं, बाई गं, हे मी केलं. एवढीशी गोष्ट! तीसुद्धा त्यांना धड करता आली नाही. त्यात माझाही हात आहे, म्हणून मी बोलतेय. नाहीतर घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणारी मी नव्हे.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नव्या कोऱ्या कपड्याची मान उलटून आत बघितलं. मला वाटलं, किंमत बघतायत. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. मग कळलं, ती त्यांची खोडच. कुणाचाही कपडा हाताशी आला की आधी मान उलटायची, आत कुठल्या लाँड्रीची खूण आहे ते बघायचं, आणि मग माणसाशी बोलायचं. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाची कॉलर जरा वळलेली दिसली की माझ्या कानाशी लागायच्या, "आमच्याकडचा शर्ट आहे हा. खारवलेला आहे, पाणी बदलायला हवं." एका लग्नात तर नवऱ्या मुलाचा कोट खांद्यावरून नीट करायच्या निमित्ताने त्यांनी आत डोकावलं आणि मला म्हणाल्या, "अगं, भाड्याचा आहे." हळू म्हणाल्या असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या मामीने ऐकलं, म्हणजे बघा किती हळू ते.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला. तिथे त्यांचं काम खुणा घालायचं. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल, घरोघरचे शर्ट, सगळं मशिनच्या एकाच ढोलात फिरतं. त्यातून ज्याचं त्याला परत जातं ते खुणेमुळे. कॉलरच्या आत, मधोमध, शिवणीखाली दोन बोटं सोडून बारीक ब्रशने तीन-चार अक्षरं नि खाली आकडा. एकोणिसाव्या वर्षी एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली त्या हे शिकल्या. त्यांची शाई अशी, की कपडा विरून जाईल पण खूण जायची नाही. डाव्या हाताचा अंगठा कायमचा निळा. लाँड्रीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे शाईबाईच म्हणतात.

आणि जितकं घालता येतं तितकंच काढताही येतं त्यांना. ते जास्त अवघड. गिऱ्हाईक दुसऱ्या लाँड्रीतून आमच्याकडे आलं, की आधी तिथली जुनी खूण काढायची, मगच आपली घालायची. एकाच कपड्यावर दोन खुणा राहिल्या तर तो हमखास भलत्याच गाठोड्यात जातो. त्यासाठी त्यांच्या टेबलावर दोन बाटल्या असतात. एकीत जांभळं औषध, दुसरीत पांढरं. आधी जांभळं टिपायचं, ते तपकिरी पडलं की पांढरं, मग साधं पाणी, मग कापूस. भिंग लावून बघा, तिथे कधी काही लिहिलं होतं असं वाटणार नाही. इतर ठिकाणी जुन्या खुणेची सावली राहते. जाऊबाईंच्या हातून सावली राहत नाही. ह्याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

एकदा पोलीस एक शर्ट घेऊन आले होते. नदीत सापडलेल्या माणसाचा. खिशात काही नाही, चेहरा ओळखू येत नाही. जाऊबाईंनी कॉलर उलटली आणि दोन मिनिटांत घराचा पत्ता सांगितला. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "गेला बिचारा आपल्या माणसांकडे." असं त्यांचं काम, आणि असं त्यांचं त्या कामाकडे बघणं.

मग आमच्या शहरात ते खेळ आले. सगळ्या जगातले खेळाडू, सोळा दिवस, तीसेक प्रकारचे खेळ. त्याआधी दोन वर्षं नुसती खोदाखोदी. दिव्याचे खांब रंगवले, रस्त्याच्या मधोमध कुंड्या मांडल्या, बसचे मार्ग असे फिरवले की अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागायला लागला. जिथे तिथे खेळांच्या त्या शुभचिन्हाचं चित्र, दात काढून हसणारं. तो प्राणी नक्की कुठला ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. भाऊजी म्हणायचे बिबट्या आहे. मला तर तो आमच्या गल्लीतला बोकाच वाटायचा.

खेळाडूंच्या वसाहतीचे कपडे धुवायचं काम आमच्या लाँड्रीला मिळालं. वसाहतीच्या मागच्या फाटकाशी, तारेच्या कुंपणाला लागून पत्र्याची मोठी शेड उभारली. गळ्यात फोटोचे पास आले. पास फक्त शेडपुरता आणि पुढच्या खिडकीपुरता, कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. हसायचं कसं त्याचंसुद्धा एक दिवसाचं शिक्षण झालं. हो, खरंच! दात दाखवायचे पण फार नाही. मी इस्त्रीच्या टेबलावर, मला कोण बघतंय? तरी मलाही बसवलं.

आणि जाऊबाईंचं कामच गेलं. प्रत्येक खेळाडूला एक जाळीची पिशवी, तिला काळ्या रेघांची पट्टी. पिशवी बंद तशीच मशिनमध्ये जायची, बंद तशीच सुकायची, दाराशी यंत्र ती पट्टी वाचायचं. खुणेची गरज नाही. आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही घड्याळसाहेब म्हणतो कारण ते तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघून बोलतात, ते म्हणाले, "शाईबाई, तुम्ही टॉवेलच्या घड्या करा आता." बत्तीस वर्षांच्या कारागिराला टॉवेल! मीच चार शब्द सुनावणार होते, पण जाऊबाईंनी मला चिमटा काढला आणि टॉवेल घ्यायला लागल्या. ब्रश आणि दोन बाटल्या मात्र त्यांनी घरी नेल्या नाहीत. टेबलाच्या खणात ठेवल्या.

चौथ्या दिवशी घोडं पेंड खायला लागलं. पाणी जास्त तापलं की काय झालं देव जाणे, एका ढोलातल्या सगळ्या पिशव्यांच्या चेन उघडल्या. नेमके त्यात ज्यूदोवाल्यांचे डगले. जाड, पांढरे, सगळे एकसारखे. चाळीस-बेचाळीस डगले एकमेकांच्या बाह्यांत बाह्या अडकवून बाहेर आले आणि पिशव्या रिकाम्या. घड्याळसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्यांदा ते मनगटाकडे न बघता माणसाशी बोलले. "शाईबाई, माझी नोकरी तुमच्या हातात आहे. तुम्हीच काहीतरी करा."

जाऊबाईंनी टॉवेल बाजूला सारले. त्या दिवशी मी त्यांना इतकं खूश बघितलं की काय सांगू. जाळीतून कुठल्या पिशवीत कसला डगला दिसतो ते टॉवेल घेता घेता त्यांच्या नजरेने टिपलेलंच होतं. बाहीची लांबी, कोपराशी झिजलेलं कापड, कुणी कुठल्या दोऱ्याने टाका घातलाय, कुणाचा डगला कुठे घामाने पिवळा पडलाय, एकेक बघून त्यांनी ढीग लावले. पाहुण्यांच्या कपड्यावर शाई नको म्हणून कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घालायला घेतला. मला मदतीला बसवलं.

असा एक डगला आला. लहान मापाचा. त्याच्या कॉलरच्या आत, अगदी मधोमध, शिवणीखाली दोन बोटं, निळ्या-काळ्या शाईत एक ओळ. अक्षरं आपल्याला न कळणारी, वळणावळणाची. खाली आकडे. जाऊबाई म्हणाल्या, "बघ, जगाच्या कुठल्या टोकाला असेल, पण खूण घालणारा पक्का शिकलेला आहे. जागा बघ कशी अचूक धरलीय." आणि त्यांनी खणातून बाटल्या काढल्या. दुसऱ्या लाँड्रीची खूण, मग आधी ती काढायची. इतकं ते हातात बसलेलं. मी कापड ताणून धरलं. हो, मीच. जांभळं, पांढरं, पाणी, कापूस. दहा मिनिटं लागली असतील. संध्याकाळी बेचाळीस डगले बरोबर बेचाळीस पिशव्यांत गेले, एकही चुकला नाही. घड्याळसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी खिडकीशी आली. बुटकी, खांदे रुंद, एक कान त्या झटापटींनी चेपलेला. वय असेल बावीस-तेवीस. बरोबर एक दुभाषी काका, पिवळी टोपी घातलेले. जन्मभर जहाजावर नोकरी केलेले, त्यामुळे तिची भाषा त्यांना येत होती. तिने डगल्याची कॉलर उलटी केली आणि आतल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. ओरडली नाही. नुसती बोट ठेवून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

काकांनी सांगितलं. हिच्या बापाने हिला खेळ शिकवला. घरामागच्या गोदामात, जुन्या गाद्या टाकून. लढतीला जाताना तो तिच्या मानेवर मागून हात ठेवून तिला आत सोडायचा. मागच्या वर्षी त्याने अंथरूण धरलं. तेव्हा त्याने पडल्या पडल्या ह्या डगल्यात लिहिलं, हात ठेवायचा तिथेच. 'पायांकडे बघू नकोस.' खाली तिच्या पहिल्या लढतीची तारीख. पुढच्या महिन्यात तो गेला.

मी जाऊबाईंकडे बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. घड्याळसाहेब मात्र लगेच पुढे सरसावले. "मशिनमध्ये गेलं असणार. गरम पाण्यात साधी शाई टिकत नाही. फार वाईट वाटलं, असं सांगा त्यांना." बघा! काल ह्याच माणसाच्या समोर ते काम झालं होतं.

जाऊबाईंनी डगला हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडाशी नेला. आडवा धरला, तिरपा धरला. ओला केला. माझ्या इस्त्रीची वाफ दिली. उलट बाजूने बोट फिरवून बघितलं, दाबून लिहिल्याचा काही उंचवटा लागतो का. ती मुलगी त्यांच्या खांद्याशी उभी राहून त्यांच्याइतक्याच आशेने बघत होती. काही नाही. ढगात शोधावं तसं. जाऊबाई माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "जरा कच्चं काम केलं असतं तर काय बिघडलं असतं गं माझं?" असलं वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

घड्याळसाहेबांना फोन आला म्हणून ते मागे गेले. तेवढ्यात जाऊबाईंनी काकांचा हात धरला. "काका, तिला सांगा, मशिनने नाही, मी काढलं. मला ती लाँड्रीची खूण वाटली. बत्तीस वर्षं हेच करतेय, मला दुसरं काही सुचलंच नाही. वाचता येत नव्हतं, तर विचारायला हवं होतं. तिला म्हणावं, माझ्यावर ओरड, साहेबांकडे तक्रार कर, काय वाटेल ते कर. पण मशिनने नाही, मी." एका दमात बोलल्या. डोळ्यांतून धारा.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मुलीकडे वळून चार-पाच शब्द बोलले. मुलीचा चेहरा मऊ झाला. तिने जाऊबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, त्या निळ्या अंगठ्यासकट, आणि मान हलवली.

मला काही त्यांची भाषा येत नाही, पण कान तर आहेत! एवढ्या मोठ्या बोलण्याचं एवढंसं कसं होईल? काका निघाले तशी मी त्यांना दाराशी गाठलं. ते म्हणाले, "बाई, उद्या सकाळी तिची लढत आहे. आज तिच्या डोक्यात हे कशाला घालू? मी सांगितलं, ह्या बाईंना फार वाईट वाटतंय. त्यात खोटं काय आहे?"

आणि मी काय केलं? मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. तक्रार नाही, चौकशी नाही, जाऊबाईंची नोकरी जागेवर. मी मूग गिळून इस्त्रीशी जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर जाऊबाई भाऊजींना सांगत होत्या. आमच्या दोन खोल्या, मधे पडदा, एका खोलीतलं दुसरीत ऐकू येतं. "अहो, मी सगळं सांगितलं तरी तिने माझे हात धरले. एवढीशी पोर, केवढं मन!" भाऊजी गुडघ्याला तेल चोळत म्हणाले, "चल, सुटलीस." आदल्या दिवसाचं उरलेलं सगळं जाऊबाईंनी नीट बसून खाल्लं. मला एक घास गिळवेना. नवरा म्हणाला, "तुला काय झालं?" म्हटलं, "पोट बिघडलंय." बिघडलं होतंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्त्रीच्या टेबलावर फोन उभा करून तिची लढत बघितली. पांढऱ्या डगल्यात आली. आत जायच्या आधी तिने हात मागे नेऊन मानेवर ठेवला, कॉलरवर. पहिली लढत जिंकली. आम्ही इस्त्र्या आपटून टाळ्यांचं काम भागवलं. दुसऱ्या लढतीत तीन मिनिटं तिने दम काढला आणि मग समोरचीने तिला उचलून पाठीवर आपटलं. मी म्हटलं, "अहो, ती दुसरी दीडपट होती हिच्या!" मागून कुणीतरी म्हणालं, "एकाच वजनाच्या असतात त्या." असतील. मला नाही दिसल्या.

जाऊबाईंनी फोन बंद केला. म्हणाल्या, "पायांकडे बघितलं तिने." मग म्हणाल्या, "एक बरं आहे. तिला माहीत आहे कुणामुळे झालं ते, आणि तरी तिने मला माफ केलंय." असं म्हणून त्यांनी परत टॉवेल घ्यायला सुरुवात केली.

मला राहवलं नाही. मी हातातली इस्त्री खाली ठेवली आणि सगळं ओकून टाकलं. काकांनी काय सांगितलं, मी कसं ऐकलं, कशी गप्प बसले. वाटलं होतं, त्या माझ्या थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "म्हणजे मी अजून सांगितलंच नाही." आणि एप्रन काढून उठल्या.

तिथून पुढचे तीन दिवस त्यांनी काय केलं नाही ते विचारा. आधी काकांना शोधलं. काकांची ड्युटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तळ्यावर, होड्यांच्या शर्यतींना लागली होती. आमच्या पासवर तिकडे सोडत नाहीत. तरी जाऊबाई दोन बस बदलून गेल्या, आणि तिसरी बस ज्या रस्त्याने जायची तो रस्ता पाहुण्यांच्या गाड्यांसाठी बंद. चालत निघाल्या तर पुढे दोरी बांधलेली. दोरीशी उभ्या पोराने त्यांना अगदी गोड हसून परत पाठवलं. दात दाखवून, पण फार नाही.

मग मदतीच्या नंबरावर फोन. मी शेजारी होते म्हणून सांगते. आधी गाणं वाजलं. मग, तिकिटांसाठी एक दाबा, हरवलेल्या वस्तूंसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा. जाऊबाईंनी तीन दाबलं. पलीकडून बाईचा आवाज, "आपली तक्रार कुणाविरुद्ध आहे?" जाऊबाई म्हणाल्या, "माझ्याविरुद्ध." पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तसा पर्याय नाही हो आमच्याकडे." मला हसूही आलं आणि रडूही. तिने बिचारीने विचारलं तरी, की कुठल्या भाषेचा दुभाषी हवाय. भाषेचं नाव आम्हाला माहीत असेल तर ना! जाऊबाईंनी डगल्यावरच्या झेंड्याचे रंग सांगितले. तिने शोधलं. त्या भाषेचे एकच गृहस्थ होते, आणि ते तळ्यावर होते.

शेवटी घड्याळसाहेबांकडे गेल्या. त्यांनी दार लावून घेतलं. "शाईबाई, वर पाठवलेल्या कागदावर मशिनचं नाव गेलंय. वर सह्या झाल्यात. आता तुम्ही मी-मी करून ह्यात बिब्बा घालू नका. तुम्ही खरं बोललात तर मी खोटा, माझ्यावरचा खोटा, लाँड्री खोटी. खेळ संपल्यावर हॉस्पिटलचं काम आपल्याकडे राहायला हवं ना? आणि त्या मुलीचं काय अडलंय? तिने कुठे काही मागितलंय?" जाऊबाई म्हणाल्या, "तिने नाही, मीच मागतेय." साहेबांनी मनगटाकडे बघितलं.

घरी भाऊजींनीही हात टेकले. "अगं, कपडाच तो. आणि तू काय मुद्दाम केलंस?" जाऊबाई म्हणाल्या, "मुद्दाम केलं असतं तर एवढं वाटलं नसतं." पडद्याच्या अलीकडे मी ऐकत होते. मला माझीच चीड येत होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, घड्याळसाहेब बोलले ते सगळं मला पटतही होतं.

ज्यूदोवाले रविवारी निघणार होते. सकाळपासून एकेक जण येऊन रिकामी पिशवी खिडकीत टाकून जात होता. फाटकाशी बस उभी. अकराच्या सुमाराला ती आली. एकटीच. पाठीला मोठी बॅग, डगला हातावर. पिशवी दिली, हसली आणि कमरेत वाकून निघाली.

"थांब," जाऊबाई म्हणाल्या. त्या खिडकीच्या बाजूच्या दाराने बाहेर आल्या, तिच्या हातावरचा डगला घेतला, कॉलर उलटली. कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर. "मी." परत कॉलर, परत छाती. "मी गं. मशिन नाही. मी." मुलगी नीट बघत होती. जाऊबाईंनी मला खुणेने ब्रश नि बाटल्या आणायला सांगितल्या. मी पळत जाऊन आणल्या. त्यांनी बाटली दाखवली, कापूस हातात घेतला, आणि कॉलरवर न टेकवता हवेतच डावीकडून उजवीकडे फिरवला, त्या दिवशी फिरवला होता तसा. परत छातीवर हात. "मी."

मुलीने बाटलीकडे बघितलं, मग ब्रशकडे, मग जाऊबाईंच्या निळ्या अंगठ्याकडे. आणि एकदम तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, ही बाई म्हणतेय, मी लिहून देते.

"नाही, नाही," जाऊबाई म्हणाल्या. "लिहायचं नाही गं राणी, मी पुसलं. पुसलं!" मीही पुढे झाले. जाऊबाईंकडे बोट दाखवलं, हाताने खरवडल्यासारखं केलं, तोंड वाकडं केलं. मुलगी मला मान हलवून हो-हो करत होती. तिने बॅग खाली ठेवली, डगला खिडकीच्या फळीवर पसरला, कॉलर दोन्ही हातांनी ताणून धरली, आणि ती ओळ म्हणाली. सावकाश, एकेक आवाज सुटा करून. शेवटाला तिचा आवाज जरा फाटला. फाटकाशी बसने हॉर्न दिला. ती परत तीच ओळ म्हणाली.

जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. मी सांगावं काय करायचं ते. मला काय कळतंय? मी म्हटलं, "लिहा."

त्यांनी ब्रश शाईत बुडवला. तिची अक्षरं त्यांना येत नव्हती, म्हणून आपल्याच अक्षरांत लिहिलं, जसं ऐकू आलं तसं. त्याचा अर्थ आपल्या भाषेत काही होत नाही, आणि ती मुलगी ते वाचू शकणार नाही. जाऊबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. मुलीने एका जागी दुरुस्त केलं, जीभ दातांवर ठेवून तो आवाज काढून दाखवला. जाऊबाईंनी तिथे एक मात्रा दिली. मग तिने बोटांवर आकडे दाखवले, ते खाली घातले. शिवणीखाली दोन बोटं, बरोबर मधोमध. हात जराही हलला नाही त्यांचा.

मुलीने त्यावर फुंकर घातली. शाई वाळेपर्यंत डगला छातीशी न लावता लांब धरून उभी राहिली. मग तिने जाऊबाईंना मिठी मारली. इतकी घट्ट, की त्यांचा पास तिच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकला आणि तो सोडवायला मला मधे जावं लागलं. बसने परत हॉर्न दिला. ती पळत गेली, फाटकापाशी वळून पार खालपर्यंत वाकली. बस गेली.

आम्ही आत आलो. जाऊबाईंनी नळाखाली ब्रश धरला. पाणी कितीतरी वेळ निळं येत राहिलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "झालं ना बाई तुमच्या मनासारखं. परत लिहून तर दिलंत." माझ्या तोंडाला कधी काही सुचायचं म्हणून नाही.

त्यांनी नळ बंद केला. "तुला कळलं ना, मी तिला काय सांगत होते ते?"

"कळलं की."

"मग तिला कसं नाही कळलं?" असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या. हात तसेच ओले. "घरी जाऊन आईला दाखवेल. सगळ्यांना सांगेल, तिकडे एक बाई भेटली होती. फार चांगली होती म्हणेल गं. म्हातारी होईपर्यंत तेच सांगत राहील ती."